चपला मोजणाऱ्या सिस्टर

परवा आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरी बाळ झालं. बायको म्हणाली, पाहून येऊ. गेलो. दारात थांबून मी चपला मोजल्या. नऊ जोड होते. मी म्हटलं, "चल परत. पुढच्या आठवड्यात येऊ." तिनं कारण विचारलं नाही, तिलाही ते माहीत आहे. ही सवय आम्हाला तायडे सिस्टरांनी लावली. त्या आता नाहीत.

मी जमीनमोजणीच्या नोकरीत आहे. एकतीस वर्षं लोकांची शेतं मोजून देतो आहे. त्यामुळे सिस्टर मला नावानं कधी हाक मारत नसत. "मोजणीवाले भाऊ" म्हणत. त्या आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत. राजापेठच्या मागची ही गल्ली. समोर ट्यूशन क्लास, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दुचाक्यांची रांग. त्या रांगेतून वाट काढत एक उंच, काटक बाई झपझप जाताना दिसली की समजायचं, कुठल्या तरी घरी बाळंतीण आहे. धामणगाव रेल्वेकडच्या एका उपकेंद्रात त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवरा त्याआधीच गेला होता. निवृत्तीनंतर त्यांचं काम थांबलं नाही, फक्त पांढरं पातळ सुटलं.

त्यांना बसलेलं मी जवळपास पाहिलंच नाही. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं. घड्याळ मनगटावर नाही, पदराला पिन लावून उलटं टांगलेलं. का, असं मी एकदा विचारलं. "मनगटावरचं घड्याळ लेकराले खरचटते. आन उलटं काहून, त मी खाली पाहून वाचतो, तुमी समोरून नाही. तुमाले टाइम पाहाचा असन त तुमचं पाहा." गळ्यात मोबाईल, प्लॅस्टिकच्या पाकिटात. तो वाजला की बोलणं अर्धवट टाकून अंगणात जायच्या, पडद्यावरचं नाव पाहायच्या आणि परत यायच्या. बहुतेक वेळा उचलायच्याही नाहीत. ज्या फोनची वाट होती तो हा नसे. अकोल्याला त्यांचा मुलगा मिलिंद, सून प्रणाली आणि एक नात. बसनं अडीच तासांचं अंतर. पण चार वर्षांत सिस्टर त्या घरी मुक्कामाला गेल्या नव्हत्या. मिलिंद महिन्यातून एकदा येऊन भेटून जायचा. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

आमच्या अश्विनीला मुलगा झाला तेव्हा ती आमच्याकडेच होती. जावई पुण्याला. बाळाचं जन्माचं वजन दोन किलो नऊशे. मी वाण्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्यावर परात ठेवली आणि बाळाला रोज दोनदा तोलायला लागलो, पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर. आलेखाच्या कागदावर रेघ काढून तो कागद अश्विनीच्या खोलीच्या भिंतीवर लावला. सहाव्या दिवशी रेघ दोन किलो सातशे दहावर होती. अश्विनी त्या कागदाकडे पाहत बसायची. जावई रोज फोनवर पहिलं वाक्य विचारायचा, "आज किती?" मी दुधाच्या पावडरचा डबा आणून फ्रिजवर ठेवला. म्हटलं, असू दे जवळ.

त्या दिवशी बाळ पाहायला चार जणी आल्या होत्या. प्रत्येकीनं तेच विचारलं, "दूध पुरते का गं?" आमच्याकडे ही पद्धतच आहे. बाळाच्या हातावर काही ठेवायचं, टाळूवरून हात फिरवायचा आणि हे विचारायचं. अश्विनी तीन वेळा "हो" म्हणाली. चौथ्या वेळी तोंड भिंतीकडे करून रडायला लागली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. दारात थांबल्या आणि खाली बोट करून मोजलं.

"मोजणीवाले भाऊ, सात जोड. घरचे किती?"

"तीन."

"घरचे धरून चार चालतात. मंग तीन जास्त झाले." आत येऊन त्या पाहुण्या बायकांना म्हणाल्या, "बायांनो, ज्यायले लेकरू पाहून झालं त्यायनं जा. जिले राहाचं हाय तिनं भांडे घासाचे. बसाचं कोणी नाही." दोघी निघाल्या. एकीला कोणी न्यायला येणार होतं, ती दारात जाऊन थांबली. चौथीनं खरोखरच भांडी घासली.

मग त्या खोलीत गेल्या. बाळाकडे नाही, आधी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"हे कोणं काढलं?"

"मी."

"रेघ चांगली हाय. खाली कोणाच्या वावरात चालली?"

मी काटा, परात, दोन वेळचं वजन, सगळं समजावून सांगितलं. बाळ हलतं तेव्हा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून तीन वाचनांची सरासरी घेतो, हेही सांगितलं.

"चालत्या बैलाच्या पाठीवर टेप धरून वावर मोजता काय तुमी?"

नोकरीत हाताखालच्या माणसानं असं मोजमाप आणलं असतं तर मी कागद परत केला असता. त्यांनी तो आलेख काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "उद्या डॉक्टरकडे न्या. तिथं काट्यावर वजन होते. थे जे सांगतीन थे खरं. मंग आठवड्यानं परत. मधल्या दिवसात तुमाले मोजल्याबिगर करमत नसन, त ओले लंगोट मोजा. लेकराच्या पोटात गेलं तेच बाहेर येते. त्यात सरासरी नाही काढा लागत."

फ्रिजवरच्या डब्याकडेही त्यांचं लक्ष गेलं. मला वाटलं, आता फेकून देतील. "डब्बा वाईट नाही. डॉक्टर म्हणले त लागन. पण तो पोरीले पाजताना दिसला नाही पाहिजे. तुमी आणला, तुमीच सांभाळा." पुढचे आठ दिवस तो डबा माझ्या ऑफिसच्या पिशवीत नकाशांबरोबर हिंडला. साहेबांनी एकदा पाहिला आणि काही विचारलं नाही.

यानंतर त्या अश्विनीसमोर उभ्या राहिल्या. हे मला बायकोनं सांगितलं, मी बाहेर होतो. दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. बाळाला किंवा अश्विनीला हात लावला नाही. "उशी वर घे. अजून. आता लेकरू तुह्याकडे आण, तू लेकराकडे वाकू नको. हनुवटी पहिले लागू दे. घाई नाही. नाही जमलं त सोड, परत लाव. मी पाहून राहिली." पाऊण तास त्या तशाच उभ्या होत्या. नंतर मी विचारलं, हात मागे का? "हात मोकळे राहिले की मीच करून देतो. मी करून देल्लं की मी गेल्यावर ती काय करन?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळ तपासलं. पहिल्या दिवसांत इतकं वजन उतरतं, काळजीचं नाही, पाजत राहा, आठवड्यानं या, म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेतला. पण सिस्टरांचा नियम त्याच दिवशी लागू झाला. घरात "पुरते का" हे दोन शब्द बंद. जो विचारेल त्यानं एक बादली कपडे पिळायचे. दोन बादल्या मी पिळल्या. जावयाला निरोप गेला की फोनवर आकडा विचारायचा नाही, "आज काय जेवलीस" असं विचारायचं. त्यालाही ते जमायला तीन दिवस लागले. माझं काम पाण्याचं. अश्विनी पाजायला बसली की कोणी न सांगता तांब्याभर पाणी उंबऱ्याशी ठेवायचं आणि मागे फिरायचं.

सिस्टर हे सगळीकडे करत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक फुलवाल्याचं घर आहे. त्याची बायको बाळंत झाली तर पहाटे उठून हार ओवणं सुटेना, नवऱ्याची बाजारात जायची वेळ ठरलेली. सिस्टरांनी त्याला सांगितलं, चाळीस दिवस हार तू ओव. त्याला गाठ मारता येत नव्हती. महिनाभर आमच्या देवाला वाकडे हार मिळाले आणि गल्लीत कोणी तक्रार केली नाही. मेथीचे लाडू घेऊन कोणी आलं की त्या विचारायच्या, "खाल्ले कोणं?" बहुतेक घरांत सासऱ्यानं खाल्लेले असत. "मंग सासऱ्याले दूध आलं काय, पाहा."

आठव्या दिवशी आमच्या विहीणबाई अचलपूरहून आल्या. अश्विनीच्या सासूबाई. करड्या स्वभावाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळ घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "वाळलेलं दिसते. दूध पुरते का हिले?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. विहिणीला बादली पिळायला कोण सांगणार? सिस्टर स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या.

"तायी, तुमी तुमच्या लेकाले पाजलं तवा तुमाले पाणी कोण देत होतं?"

विहीणबाईंना प्रश्न समजला नाही.

"पाजाले बसलं की तहान लागते. कोणं आणून द्यायचं पाणी?"

त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाल्या, "कोणी नाही. मीच उठत होती. लेकरू सोडून." आणखी थोड्या वेळानं म्हणाल्या, "सासू म्हणे, पुरत नाही तुह्यं. तीन महिन्यांत बंद झालं."

बाळ त्यांनी अश्विनीजवळ दिलं. अश्विनी पाजायला बसली. मी तांब्या घेऊन उंबऱ्याशी गेलो, तर विहीणबाईंनी तो माझ्या हातून घेतला. त्या रात्री परत जाणार होत्या, तीन दिवस राहिल्या.

त्याच संध्याकाळी सिस्टर आमच्या अंगणात येरझारा घालत होत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमाले वाटत असन हे मले नोकरीत शिकवलं."

"मग?"

"नोकरीत वजन कराचं आन सुई माराचं शिकवलं. हे मी माह्या सुनंपाशी शिकली." फोन एकदा उचलून पाहिला आणि सोडला. "प्रणालीचं पहिलं बाळंतपण. मी नर्स, मंग मलेच सगळं समजते. चाळीस दिवस राहाले गेली. सकाळी पुसे, पुरते का. दुपारी पुसे. तिचा पदर सारून मीच लेकरू लावून द्यायची. बाराव्या दिवशी ती म्हणली, आई, डब्बा आणा, माह्यानं होत नाही. मी आणला. लेकरू डब्ब्यावर चांगलं झालं, तसं नाही. धट्टीकट्टी हाय पोट्टी. पण प्रणाली मले म्हणली, तुमी माह्यं दूध नाही, माह्यी हिंमत आटवली. आन खरं बोलली ती." थोडं थांबून म्हणाल्या, "आता तिले परत दिवस गेले हायेत. मिलिंदनं सांगितलं. तिनं नाही."

गळ्यातला तो फोन कशासाठी होता, हे मला त्या दिवशी कळलं.

चौदाव्या दिवशी आमच्या बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेलं. दवाखान्यातल्या काट्यावर. मी सिस्टरांना सांगायला गेलो. "मले नका सांगू, पोरीले सांगा," म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. डब्याचं काय करू, विचारलं. "तारीख पाहा आन ठेवा. कोणाले लागन."

पुढे पाच महिन्यांनी एका सकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, काही वाईट झालं. प्रणाली बाळंत होऊन चार दिवस झाले होते. तिची आई पाय मोडून अंथरुणावर, घरात करणारं कोणी नाही. मिलिंदचा फोन आला होता. आई, ये, पण प्रणालीची अट आहे. स्वयंपाक पाहायचा, थोरलीला पाहायचं. बाळाच्या खोलीत यायचं नाही आणि दुधाचं काही विचारायचं नाही.

"तुमी चला माह्यासंग," सिस्टर मला म्हणाल्या.

"मी काय करू तिथं?"

"मी पुसलं का, एवढं पाहाचं. तोंडातून निंगालं त हात धरून बाहेर आणाचं. मिलिंद नाही करन थे, मी माय हाय त्याची. तुमी मोजणीवाले, तुमाले लाज नाही वाटत." मी रजा टाकली.

बसमध्ये जागा होती तरी बडनेऱ्यापर्यंत त्या उभ्याच होत्या. बसल्यावर म्हणाल्या, "आत गेल्यावर पहिलं काय म्हणू?"

मी म्हटलं, "बाळ झोपतं का, विचारा."

"पोट भरलं त झोपते. म्हणजे तेच पुसलं."

"रडतं का?"

"तेच."

"वजन—"

"भाऊ, तुमी गप बसा."

मूर्तिजापूर गेलं. बोरगाव मंजू गेलं. त्या ओठांतल्या ओठांत वाक्यं करून पाहत होत्या आणि टाकून देत होत्या. अकोला स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "'बरी हायेस का' हे चालन. थ्यात दूध नाही." मी विचार केला आणि होकार दिला.

मिलिंदचं घर पहिल्या मजल्यावर. आम्ही जिना चढलो. दार उघडंच होतं, आतल्या खोलीच्या दाराला पडदा. सिस्टर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. चपला पायातच.

"आई, आत ये ना," मिलिंद म्हणाला.

"इथूनच दिसते सगळं. भाजी आण, निवडतो."

मी बूट काढून आतल्या खुर्चीवर बसलो. मला पाहायचं होतं, म्हणून पाहत होतो. त्यांनी पायरीवर बसून मेथी निवडली. थोरल्या नातीचे केस विंचरले. ती पाच मिनिटांत केस सोडवून पळाली. खालच्या नळावर लंगोट धुतले आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घातले. बाळ रडलं की त्या उठून उभ्या राहायच्या आणि पुन्हा बसायच्या. मी मोजलं, अकरा वेळा. प्रत्येक वेळी तोंड किंचित उघडायचं आणि मिटायचं. आत पाजणं सुरू झालं असं वाटलं की त्या मिलिंदकडून तांब्या भरून घ्यायच्या आणि त्याच्याच हाती आत पाठवायच्या. प्रणालीला त्यांनी "बरी हायेस का" हेही विचारलं नव्हतं. विचारायची संधीच आली नव्हती, पडदा हलला नव्हता.

दोन वाजता बाळ खूप वेळ रडलं. लागायचं, सुटायचं, पुन्हा रडायचं. मिलिंद आत गेला आणि बाहेर आला. सिस्टर पायरीवर उभ्या होत्या, कठडा धरून. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. त्या विचारतील, असं मला वाटलं, आणि हात धरून बाहेर आणायचं तर त्या बाहेरच होत्या.

आतून प्रणालीचा आवाज आला. थकलेला, थोडा रागीट. "आई, तुम्ही बाहेरच बसणार आहात का? जरा पाहा, हे बरोबर लागलं का."

सिस्टरांनी कठडा सोडला. मग चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या, आणि वाकून मोजलं.

"मिलिंदचा. प्रणालीचा. पोट्टीचा. माहा. तुमचा. पाच झाले, भाऊ. तुमी निंगा."

"सिस्टर, मग मी पाहणार कसं?"

"निंगा म्हणलं ना."

मी बूट घातले. तीनची बस मिळाली. त्यांनी आत जाऊन विचारलं की नाही, हे मला माहीत नाही. ज्या कामासाठी रजा टाकून गेलो, तेच माझ्यासमोर झालं नाही. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. सगळा रस्ता मी अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फक्त "आठ" म्हणाल्या आणि ठेवला. मी समजलो, ओले लंगोट. सिस्टर तिकडेच राहिल्या. इथलं घर भाड्यानं गेलं. पुढे आम्ही फोनवर बोललो, लेकराचे दात, थोरलीची शाळा, पावसाचं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही 'पुरते का' विचारण्यासारखंच झालं असतं. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेत गेल्या. आम्ही दोघं अकोल्याला गेलो तेव्हा प्रणालीच दारात होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि मला काही विचारण्यासारखं उरलं नाही.

बूट घालताना मात्र मी एकदा वर पाहिलं होतं. पडदा अर्धा सरकलेला होता. प्रणाली दिसत नव्हती, बाळ दिसत नव्हतं. सिस्टरांची फक्त पाठ दिसत होती. दोन्ही हात मागे होते, आणि उजव्या हातानं डाव्या मनगटाला इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.